रेघेपर्यंत भरलेला बुधला

आमचे हे, म्हणजे फरामर्ज, शिराजमध्ये मुलांच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे आणि घरी तळघरात त्याचे प्रयोग करायचे. दर वर्षी तीस किलो काळी द्राक्षं, काचेचा एक भलामोठा बुधला आणि तोंडाला फडकं. राजवट बदलली, दारूला ऐंशी फटके ठरले, मास्तर असेल तर नोकरीही जाणार. यांचा बुधला जागच्या जागी. वीस वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते की एक दिवस तुम्ही आपल्याला रस्त्यावर आणाल. आणि वीस वर्षांत या माणसाला चांगली दारू एकदाही जमली नाही. दर वर्षी तिचा आंबट सिरका, म्हणजे व्हिनेगर, व्हायचा, आणि हे द्राक्षांना नावं ठेवायचे.

त्या वर्षी मात्र तळघराचं दार उघडलं की जिन्यापर्यंत गोड वास यायचा. नेमके त्याच वर्षी गस्तीवाले आले. शोधत होते शेजाऱ्यांचा बंदी असलेला व्हिडिओ, उतरले आमच्या तळघरात. त्यांचा म्होरक्या जलील, दहा वर्षांपूर्वी यांच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा.

"हे काय, सर?" त्याने विचारलं.

"सिरका," हे म्हणाले. "लोणच्यासाठी. अजून व्हायचाय."

जलीलने फडकं उचलून वास घेतला. जरा जास्तच वेळ घेतला.

"रस आधी दारू होतो, मग सिरका. पेपरात मी मधला टप्पा लिहायला विसरलो, तर तुम्ही मला नापास केलंत."

"तोच टप्पा चालू आहे," हे म्हणाले. शिकवायची सवय काही सुटत नाही.

जलीलने कोळशाने बुधल्यावर, दारू जिथवर होती तिथे, रेघ ओढली. चाळीस दिवसांनी येईन, म्हणाला. रेघेच्या खाली बोटभर जरी उतरली, किंवा सिरका झाला नाही, तर सर, या खेपेला तुम्ही नापास. मी चहाचा आग्रह केला. रीतीप्रमाणे तो तीनदा नको म्हणाला आणि चौथ्यांदा बसून दोन पेले प्यायला.

आता यांची परीक्षा सुरू झाली. वीस वर्षं जी आंबू नये म्हणून जपली, ती आता आंबावी म्हणून हे कबाबाचे निखारे फुलवायच्या पंख्याने वारा घालत बसायचे. रेघेमुळे थेंबभर चाखायचीही सोय नव्हती. बाराव्या दिवशी वास घेऊन यांचे डोळे भरून आले.

"मेहरी, अप्रतिम झालीय गं."

"छान," मी म्हटलं. "फटकेही तसेच बसतील."

माझ्या आईच्या बरणीत सिरक्याची माय असते, बुळबुळीत जाड साय. ती घातली की काहीही आंबतं. आणू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, रसायनशास्त्र मी शिकवतो की तुझी आई? माझा संताप झाला. पण संतापले तरी या माणसाची पाठ मला धड हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वर्षानुवर्षं दर्ग्याकडे न फिरकलेले हे काही न सांगता तिकडे गेले. मी आईकडे धावले आणि बरणी घेऊन आले. रबरी नळीने बुधल्यातून एक बाटली काढून घेतली, तेवढाच आईचा सिरका मायसकट ओतला आणि पातळी बरोब्बर रेघेवर आणली. काढलेली बाटली गुलाबपाण्याच्या बाटल्यांमध्ये लपवली. आयुष्यात एकदा जमली होती बिचाऱ्याला. संकट टळलं की जेवताना समोर ठेवायची, असं मी ठरवलं.

चाळिसाव्या दिवशी जलील आला. फडकं काढताच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बोट बुडवून चाटलं आणि ठसका लागला.

"पास," तो म्हणाला. आपल्या आईच्या लोणच्यासाठी दोन बाटल्या भरून घेतल्या आणि गेला.

हे पायरीवर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. मी ओढणीखाली ती बाटली धरून शेजारी बसले.

"हे रसायनशास्त्र नव्हे, मेहरी," हे म्हणाले. "मी दर्ग्यात नवस बोललो होतो. ही आंबली तर मरेपर्यंत एक थेंब शिवणार नाही. आणि बघ."

चेहरा इतका उजळला होता की माझ्याच्याने खरं सांगवेना. बाटली ओढणीखालीच राहिली.

तेव्हापासून दर गुरुवारी हे दर्ग्यावर जातात. परतल्यावर भांडीसुद्धा घासतात, इतके सुधारलेत. बुधला मीच चालवते. गस्तीवाल्यांच्या घरची लोणचीही आमच्याच सिरक्यात मुरतात.

आणि गुरुवारी हे फाटकाबाहेर पडले की मी गुलाबपाण्यांमध्ये लपवलेल्या त्या बाटलीतून चमचाभर घेते. खरंच अप्रतिम झालीय. हे एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि नेमकं त्यालाच सांगता येत नाही.