शाब्बासच्या आधीची जागा

या, बसा. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी जरा दमानं घ्या. आज एका बालवाडीतली गोष्ट सांगायची आहे. गोष्ट मुंगीएवढीच, पण मुंगी चावते बरं का!

त्या बालवाडीतल्या बाईंचा आवाज असा, की वाटावं देवानं घंटा घडवायला घेतली आणि घडता घडता बाई झाल्या. पण त्या गळ्याहून मोठं एक देणं त्यांच्यापाशी होतं. त्यांना थांबता यायचं.

वर्गात एक मुलगी होती, इतकी लहानखुरी की सगळे तिला मुंगीच म्हणत. तिचा शब्द ओठांशी येऊन अडकायचा. घरीदारी कुणी ना कुणी तो तिच्या तोंडातून काढून घेई. बाई घेत नसत. तिच्यापुढे मांडी घालून बसत आणि म्हणत, "सावकाश सांग. मी थांबते." पोरं चुळबुळ करत, कुणी कुणाचा पाय ओढी. बाई थांबत. आणि शब्द यायचा, तडफडत, पण तिचा स्वतःचा.

मग बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल.

वर्गाच्या भिंतीवर नुकताच मोठा टीव्ही बसवला होता. बाईंनी रडणं मागं ठेवलं. मदतनीस मावशींच्या हाती मोबाइल दिला आणि रिकाम्या सतरंजीसमोर बसून आपली सगळी गाणी, सगळ्या गोष्टी रेकॉर्ड करायला घेतल्या.

"टीव्हीत गेल्यावर आम्हाला ओळख दाखवाल ना, बाई?" मावशींनी विचारलं.

"आधी मोबाइल सरळ धरा. नाहीतर टीव्हीत नुसती हनुवटी गाईल."

दोघी हसल्या. हसता हसता मावशींचा हात हलू लागला, म्हणून ते गाणं पुन्हा घ्यावं लागलं.

प्रश्न आला की बाई उत्तरापुरती जागा सोडत. "सशाला भूक लागली. मग त्यानं काय खाल्लं?" मनातल्या मनात सगळा वर्ग "गाजर!" असं ओरडेपर्यंत थांबत, आणि मग म्हणत, "शाब्बास!"

ऑपरेशन झालं. गळ्याला रुमाल बांधून बाई वर्गात परतल्या, तेव्हा टीव्हीतल्या बाई गात होत्या आणि पोरं टाळ्या पिटत होती. बाई दाराशीच उभ्या राहिल्या. आपलाच आवाज, आणि आपलं काही चालेना.

"मग त्यानं काय खाल्लं?"

"गाजर!" वर्ग ओरडला. मुंगीनंही तोंड उघडलं होतं. "गा... गा..."

"शाब्बास!" टीव्ही म्हणाला आणि ससा पुढं पळाला.

बाईंना आपली चूक उमगली. साऱ्या वर्गापुरती जागा आपण सोडली, आणि जिच्यासाठी सोडायला हवी होती तिलाच विसरलो! मावशी हळूच म्हणाल्या, "हल्ली ती ओठच उघडत नाही, बाई. आज तुम्हाला पाहिलं म्हणून उघडले."

बाईंनी रिमोट उचलला. गोष्ट मागं नेली आणि प्रश्न संपताच बटण दाबलं. पडद्यावरच्या बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्या.

"टीव्ही बिघडला! मावशी, टीव्ही बिघडला!" एकच गलका झाला.

मुंगी उठली. पडद्याजवळ गेली, वर बघत राहिली. मग म्हणाली, "बि... बिघडला नाही. बाईंचा श... शब्द अडकला."

बाई तिच्यापुढे मांडी घालून बसल्या. मुंगीनं पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि इवलंसं बोट त्यांच्या रुमालावर ठेवलं.

"इ... इथं अडकलाय?"

बाईंनी मान हलवली.

मुंगीनंही समोर मांडी घातली. "सा... सावकाश सांगा," ती म्हणाली. "मी थांबते."

बाईंचे ओठ हलले. मुंगी त्या ओठांकडे बघत राहिली. पोरांची चुळबुळ सुरू झाली, कुणी कुणाचा पाय ओढला. मुंगी हलली नाही. शाळा सुटली, आई दाराशी येऊन उभी राहिली, तरी ती उठेना. शेवटी आईनं उचलून नेलं, तेव्हा खांद्यावरून ओरडली, "उ... उद्या सांगा!"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा समोर येऊन बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. जो शब्द येणारच नाही, त्याच्यासाठी.

आता उठा मंडळी, घरी जा. वाटेत कुणाचा शब्द ओठांशी अडकला, तर तो काढून घेऊ नका. त्या वेळी मुंगीची आठवण ठेवा. ती अजून थांबली आहे.