उदाहरणातली डिस्क

डिस्कवाल्याने भिंगाचा दिवा खाली ओढला, हार्ड डिस्कच्या पाठीवरचं लेबल अंगठ्याने पुसलं आणि म्हणाला,

"ताई, तुमच्या कागदावरचा नंबर वाचा बरं. शेवटचे चार आकडे."

तिने फाइल उघडली. चौतीस रविवारांचे चौतीस कागद, तारखेनुसार, भोकं पाडून लावलेले. सगळ्यात वरचा कागद तिने वाचला.

"सात, शून्य, तीन, आठ."

"परत वाचा."

"सात, शून्य, तीन, आठ."

डिस्कवाल्याने भिंग तिच्याकडे वळवलं. लेबलावर शेवटी एक, नऊ, चार, चार होतं. तिने कागदाकडे पाहिलं, मग लेबलाकडे, मग उगाचच फाइलच्या तळाचा, पहिल्या रविवारचा कागद उपसून पाहिला. तिथेही सात, शून्य, तीन, आठ. चौतीसच्या चौतीस कागदांवर तोच नंबर आणि खाली तीच ओळ: प्रकृती तपासणी, उत्तीर्ण.

दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीला लागून उघड्या पडलेल्या डिस्क, मधे टेबल, आणि दाराशी व्हीलचेअरमध्ये तिचा नवरा. मान पट्ट्याने खुर्चीच्या पाठीला धरलेली, उजवा हात मांडीवरच्या टॅबवर. त्या हाताचं एक बोट तेवढं अजून चालत होतं. कान मात्र शाबूत होते. आकडे त्यानेही ऐकले.

त्या डिस्कमध्ये त्याचा आवाज होता. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि पुढचा क्रमही सांगितला: आधी पाय, मग हात, मग वाचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सोळाशे वाक्यांची यादी हातात दिली. बोलता येतंय तोवर ही सगळी रेकॉर्ड करून ठेवा, पुढे टॅबवर बोट टेकलं की तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. तो शाळेत तीस वर्षं कवायतीचा मास्तर. शिट्टी कधी वापरलीच नाही, मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाची पोरं ताठ व्हायची. आवाज घुमू नये म्हणून तो कपाटाच्या खोलीत, टांगलेल्या रजयांच्या मधे बसून आठ महिने बोलत राहिला. सुरुवातीला दिवसाला वीस वाक्यं, मग दहा, मग दोन. शेवटी शेवटी एक वाक्य तीनदा बोलून तो म्हणायचा, "हे काप गं, बेवड्यासारखं वाटतंय." मग तेही थांबलं. सोळाशेला तेवीस कमी असताना.

"काय झालं असेल हो?" ती म्हणाली. आपला आवाज आपल्यालाच परका वाटला तिला. "मी दर रविवारी विचारायचे डिस्कला. एकही रविवार चुकवला नाही."

"कमांड कुठली टाकायचात?"

"माझ्या मॅन्युअलमधली. पान अकरा."

"तुमच्या?"

डिस्कवाल्याने मागच्या फळीवरून एक चुरगळलेलं, कोपरे दुमडलेलं पुस्तक काढलं. डिस्कची प्रकृती कशी विचारावी, काळ्या खिडकीत कोणती ओळ टाइप केली की डिस्क किती तास चालली, किती तापली, तिच्यातल्या किती जागा मेल्या ते सांगते, याची साठ पानं. ती तिनेच लिहिली होती. पोटापाण्याचा धंदाच तो तिचा: दुसऱ्यांनी बनवलेली अवजारं तिसऱ्यांना समजावून सांगायची.

"ही तुमची? अहो, मी येईल त्याला हीच वाचायला देतो. इतकं सोपं कुणी लिहीत नाही." तो पान अकरा काढत होता. काढलं, वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती. ती त्याने हळू आवाजात वाचली. "'वरील उदाहरणात संगणकाची पहिली डिस्क घेतली आहे. वाचकाने आपल्या डिस्कचे नाव घालावे.'"

पहिल्या डिस्कचं नाव 'ए' वर संपतं, बाहेरून जोडलेल्या दुसरीचं 'बी' वर. हे तिला नव्याने सांगायची गरज नव्हती. पण दर रविवारी ती स्वतःच्याच पुस्तकातली ओळ उचलायची, जशीच्या तशी चिकटवायची, आणि उत्तरातली फक्त शेवटची ओळ वाचायची. चौतीस रविवार तिने संगणकाच्या पोटातल्या डिस्कची खुशाली विचारली होती. ती होतीच ठणठणीत. शेजारी तारेला लटकणाऱ्या डिस्कला कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि तेवढ्या 'उत्तीर्ण'वर विसंबून, संगणकावर जागा पुरेना तेव्हा तिने आवाजाची दुसरी प्रत पुसून टाकली होती. त्या जागेवर नवं सामान केव्हाच चढलं होतं. दोन प्रती ठेवा, असं त्या साठ पानांत तिने तीन ठिकाणी लिहिलंय. जाड ठशात.

"गाढव आहे मी," ती म्हणाली. "शुद्ध गाढव."

डिस्कवाला भला माणूस. त्याने पुस्तक उलटं करून ठेवलं आणि कामाचं बोलायला लागला.

"हे बघा ताई. आतलं वाचणारं हेड गेलंय. मी दुसऱ्या डिस्कचं काढून बसवलंय. पण खालची तबकडी खरवडलीय, त्यामुळे नवं हेडही त्यावर घासणार. दहा मिनिटं चालेल. नाहीतर दोन. मग संपलं."

"मोठ्या लॅबमध्ये पुन्हा पाठवली तर?"

"लॅबनेच तर हात टेकून परत पाठवलीय ना तुमच्याकडे? सगळं निघणार नाही. चाळीस वाक्यं निघाली तरी देव पावला म्हणायचं. आधी काय काढायचं ते क्रमाने सांगा. एकदा सुरू केलं की विचार करायला वेळ नाही."

यादी म्हटल्यावर तिचे हात आपोआप चालायला लागले. एका रिपोर्टच्या पाठीवर तिने भराभर आकडे टाकले. एक, दुखतंय. दोन, श्वास लागतोय. तीन, पाणी. चार, कुशीवर वळवा. पाच, दिवा बंद करा. अक्षर वेडंवाकडं येत होतं. सोळाशे वाक्यांचे नंबर तिला पाठ होते, रेकॉर्ड करताना तीच तर बटण दाबायची. चाळीस झाल्यावर तिने कागद नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ रे. बरोबर आहे ना क्रम? अजून काही?"

त्याने यादी वाचली. बोट टॅबवर हललं. एकेक अक्षर उमटायला लागलं. टॅबमध्ये तयार आवाज होता, गुळगुळीत, बातम्या सांगणाऱ्यासारखा. तो त्याने पहिल्याच दिवशी बंद करायला लावला होता. त्यामुळे त्याचं बोलणं वाचावं लागायचं; हाक मारायला तेवढी टॅबवर घंटी होती.

'हे घंटी वाजवूनही कळतं.'

"मग?"

'आधी नाही.'

"आधी काय नाही?"

त्याने डोळे मिटून उघडले. वैतागला की तो असंच करायचा. 'शब्द. नाही.'

तिला कळलं. एकशे बारा नंबर. नुसता 'नाही'. एका श्वासात संपणारा.

"अरे, वेड लागलंय का तुला? दोन मिनिटं चालली डिस्क तर? दुखलं तर काय सांगणारेस? नाही म्हणून सांगणारेस?"

बोट पुन्हा हलायला लागलं. फार वेळ लागला. डिस्कवाला खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

'सगळे माझं ठरवतात. तू पण.'

तिने ते दोनदा वाचलं. आज सकाळीच तिने त्याला निळा सदरा चढवला होता, विचारलं नव्हतं. काल त्याची बहीण आली आणि न विचारताच खिडकी लावून गेली. आठवायला बसलं तर संपणार नाही. तिने कागदावर 'एक'च्याही वर लिहिलं, एकशे बारा.

"हे आधी," ती डिस्कवाल्याला म्हणाली. "मग बाकीचे, आहेत तसे."

डिस्क सुरू झाली. आधी घरघर, मग एक बारीक टिकटिक. पडद्यावर पट्टी पुढे सरकू लागली आणि मधेच थांबली. तिने टेबलाची कड घट्ट धरली. एवढं दे, एवढंच दे, असं ती कुणाला तरी मनात सांगत होती. कुणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. पट्टी हलली. पुन्हा थांबली. तीन सेकंदांच्या शब्दाला चार मिनिटं लागली, पण पट्टी शेवटाला पोचली.

"आला," डिस्कवाला म्हणाला. "दुसरं घेतो."

'दुखतंय' अर्ध्यावर अडलं. टिकटिकीचा खरखराट झाला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. डिस्कवाल्याने झटकन वीज तोडली, थांबला, पुन्हा जोडली. काही नाही. आणखी एकदा. संगणकाच्या यादीतही डिस्क दिसेना.

"मला द्या," ती म्हणाली आणि कीबोर्ड जवळजवळ हिसकावून घेतला. काळ्या खिडकीत तिने ओळ टाइप केली, चिकटवली नाही, एकेक अक्षर स्वतः टाइप केलं, आणि शेवटी 'बी' घातला. त्या डिस्कला तिची प्रकृती तिने आज पहिल्यांदाच विचारली होती. उत्तर लगेच आलं. या नावाची डिस्क सापडत नाही.

तिने परत टाइप केलं. परत तेच. तिसऱ्यांदा टाइप करायला लागली तेव्हा डिस्कवाल्याने कीबोर्ड अलगद तिच्या हाताखालून काढून घेतला.

"ताई. संपलं."

ती टेबलावर डोकं टेकून रडली. परक्या माणसाच्या दुकानात, भरदिवसा, हुंदके देऊन. सोळाशेमधला एक शब्द. आठ महिने, त्या रजया, ते पाण्याचे घोट, एकेका वाक्यासाठी त्याने गोळा केलेला श्वास. तिच्या हाताने गेलं सगळं. चोराने नेलं असतं तर निदान चोराला शिव्या देता आल्या असत्या.

डिस्कवाल्याने तिला रडू दिलं. तेवढ्यात त्याने तो शब्द टॅबमध्ये चढवला आणि अक्षरांच्या वर एक मोठं बटण करून दिलं.

"सर, दाबून बघा."

बोट टेकलं.

"नाही."

खणखणीत. मागे खुर्ची कुरकुरल्याचा आवाजसुद्धा होता. डिस्कवाल्याची पाठ आपसूक ताठ झाली. ती डोळे पुसत उठली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. त्याच्या ओठांची डावी कड, जी अजून थोडी हलायची, ती हलली.

तिने फाइल, डिस्क, कागद सगळं पिशवीत कोंबलं. बाहेर वारा होता. सवयीने तिने मफलर त्याच्या गळ्याशी नेला.

"नाही."

तिने मफलर पिशवीत टाकला.

उताराच्या फळीवरून तिने खुर्ची खाली घेतली आणि फुटपाथच्या कडेला ब्रेक लावला. मग ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

"रागावलायस माझ्यावर?"

बोटाने जराही वेळ लावला नाही.

"नाही."

तिला बरं वाटलं, क्षणभरच. मग तिच्यातली मॅन्युअल लिहिणारी बाई जागी झाली. काही विचारलं तरी ज्यातून एकच उत्तर येतं, त्यावर विसंबायचं नसतं. एवढं तरी आता तिला कळलं होतं. प्रश्न उलटा करून विचारायला हवा. विचारायची हिंमत होईना. तिने त्याच्या गुडघ्यावरची चादर नीट केली, मग थबकली, चादर सोडून दिली.

"मला माफ करशील?"

बोट वर उचललं गेलं. बटणाच्या बरोबर वर येऊन थांबलं, थरथरलं. एवढा वेळ ते वर धरून ठेवणं त्याला किती जड जातं हे तिला माहीत होतं. ती त्या बोटाकडे बघत बसून राहिली. ते खाली आलं नाही.