अक्रोडाखालची फुली

फ्रान्सच्या डोंगरातल्या ओब्रियाक गावची चालती पंगत ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती खरी वाटत नाही. माणसं गळ्यात फितीला अडकवलेला पेला आणि पाठपिशवीत ताटली घेऊन निघतात. चर्चच्या अंगणात थंड वाइन आणि सॉसेजचे काप, जुन्या धोबीघाटावर सूप, नदीकाठच्या गिरणीत मुख्य जेवण आणि शेवटी गावात परत येऊन गोड. मधे डोंगर, ओढे, काटेरी झुडपं आणि गाईंचं शेण. एकेका घासासाठी एवढी पायपीट करायची ही शहरातल्या लोकांची हौस गावकऱ्यांना कधीच कळली नाही. पण येतात तर येऊ देत बापडे, असं त्यांचं म्हणणं.

आर्मेलला मात्र असं म्हणून चालणार नव्हतं. तिच्यासाठी लोक यायलाच हवे होते. घटस्फोटानंतर ती क्लेरमों शहरातून आईच्या गावी परत आली आणि बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत तिने कॅफे काढलं. गावात बसायला, बोलायला, पाव विकत घ्यायला तेवढी एकच जागा. पण इमारत ग्रामपंचायतीची, आणि पॅरिसचा एक दातांचा डॉक्टर सुट्टीतलं घर म्हणून ती विकत घ्यायला टपून बसलेला. "पंगत बघू कशी होते," सरपंच बेसिएरबाई म्हणाल्या होत्या. "लोक आले, रमले, पुन्हा येतो म्हणाले, तर कॅफे राहील. नाहीतर पोरी, माझेही हात बांधलेले आहेत." तेव्हापासून आर्मेलचा जीव टांगणीला लागला होता.

आणि लोक आले. शंभराच्या वर आले. लील शहरातलं एक अख्खं खटलं, बेल्जियमच्या चार मैत्रिणी, चपला घालून डोंगर चढायला निघालेले नवरा-बायको. चर्चपाशी वाइन संपली, धोबीघाटावर सुपाची पातेली पुसून निघाली. आर्मेल तिथून आडवाटेने पुढे पळत गिरणीत आली. तिथे लेओन्सकाका परातीएवढ्या कढयांमध्ये बटाटे आणि ताजं चीज घोटत होता. त्रुफाद नावाच्या त्या पदार्थाला आता सुरेख तार सुटत होती.

लेओन्स हा गावाचा खुणावाला. दर वसंतात पिवळ्या रंगाचा डबा घेऊन तो डोंगरभर फिरायचा. झाडावर, दगडावर पिवळी रेघ म्हणजे याच वाटेने. पिवळी फुली म्हणजे इकडे नको. वय झालं होतं, पण या कामात तो कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"येतीलच आता," तो म्हणाला. "अक्रोडापाशी वळले की गाणी ऐकू येतील बघ."

गाणी काही ऐकू येईनात. पाणी तेवढं खळखळत होतं. त्रुफादची तार आधी घट्ट झाली, मग तिचा गोळा व्हायला लागला. फोनला दरीत रेंज कधीच नसते. चर्चवरचा घंटानाद झाला तशी आर्मेलने अॅप्रन काढून फेकला.

"काका, चला माझ्याबरोबर."

"अगं, कढई..."

"कढई उतरवा आणि चला!"

चढण चढून दोघं अक्रोडाच्या झाडापाशी आली. तिथे वाटेला दोन फाटे फुटतात. एक खाली गिरणीकडे, एक वर. ओल्या मातीत शेकडो बुटांचे ठसे होते, आणि सगळेच्या सगळे वर गेले होते.

आर्मेलने झाड पाहिलं, दगड पाहिले, कुंपणाचे खांब पाहिले. पिवळ्या रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"काका, इथं खूण कुठाय?"

"इथं कशाला खूण?" लेओन्स खरोखरच चकित झाला होता. "इथून खाली गिरणी आहे हे कोणाला माहीत नाही? माझी आजीसुद्धा डोळे मिटून वळायची इथे."

"तुमच्या आजीला जेवायला बोलावलं नव्हतं आपण! लीलच्या लोकांना काय माहीत?"

लेओन्सने टोपी काढली, डोकं खाजवलं. "पण फुली होती की. वरच्या वाटेला. या दगडावर मीच मारली होती. रेघेची गरजच काय मग?"

दगड होता. फुली नव्हती. तारेच्या ब्रशने घासून घासून दगड पांढराफटक केला होता, भोवतालच्या शेवाळात तो जखमेसारखा दिसत होता. आर्मेलने वरच्या वाटेकडे पाहिलं. ती वाट एकाच घरी जात होती, फिर्मांमामाच्या.

फिर्मां तिच्या आईचा थोरला भाऊ. नाकावर राग. पूर्वी डोंगरवाट त्याच्याच अंगणातून जायची. एकदा चालणाऱ्यांनी फाटक उघडं टाकलं, गाई नदीत उतरल्या, आणि मामा काठी घेऊन एका कुटुंबामागे पार पुलापर्यंत धावला. गावाने बैठक घेतली आणि वाट खालून गिरणीकडे वळवली. लेओन्सने दगडावर फुली मारली. लेओन्स आणि फिर्मां एका बाकावर बसून शिकलेले, पण तेव्हापासून एकमेकांशी चकार शब्द नाही. लेओन्स कॅफेत बसतो म्हणून मामा भाचीच्या कॅफेची पायरीसुद्धा चढला नव्हता.

"गेलं," लेओन्स पुटपुटला. "आता तो त्यांच्यावर कुत्रं सोडणार."

"तुम्ही खाली जा, त्रुफाद सांभाळा," आर्मेल म्हणाली आणि धावत सुटली. धावताना तिने मनातल्या मनात मामाला इतक्या शिव्या दिल्या की ऐकल्या असत्या तर तिच्या आईने थोबाड रंगवलं असतं. सख्खी भाची जगण्यासाठी धडपडतेय, आणि हा म्हातारा तिच्या ताटात माती कालवतोय! आज त्याला सोडायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

फाटक सताड उघडं होतं. अंगणात मोठं कोणी नव्हतं. कुत्रं एका लहान मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं. गोठ्यामागून आवाज येत होता.

गोठ्यामागे, जिथे जमीन संपून कडा सुरू होतो तिथल्या दगडी भिंतीवर, सगळी पंगत ओळीने बसली होती. समोर काठी उगारून फिर्मांमामा उभा होता. पण काठी लोकांवर उगारलेली नव्हती, ती क्षितिजाकडे रोखलेली होती.

"आणि ते टोकदार शिखर? नाही, नाही, त्याच्या डावीकडचं. बरोबर! त्याच्या पलीकडे माझ्या बापाने लांडगा पाहिला होता. आता खाली बघा, धबधबा. गिरणीपाशी उभं राहून धबधबा बघणं म्हणजे काय? माणूस नुसता भिजतो. पडताना अख्खा बघायचा तर इथूनच."

खरंच अख्खा दिसत होता. डोंगराच्या माथ्यापासून थेट तळापर्यंत, उन्हात पांढरा. आर्मेल लहानपणी आईबरोबर इथे बसायची. इतक्या वर्षांत ती हे कसं विसरली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

बेल्जियमची एक बाई विचारत होती, "आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा वेगवेगळ्या का?" मामाचा चेहरा असा उजळला, जणू हा प्रश्न कोणी विचारील म्हणून तो कैक वर्षं दाढी करून तयार बसला होता. भिंतीवर ठेवलेलं चीजचं चाक अर्ध्याच्या वर संपलं होतं.

तेवढ्यात त्याला भाची दिसली.

"आलीस?" तो खेकसला. "किती उशीर! माणसं उपाशी बसलीत इथं. पाहुण्यांना बोलवायचं आणि जेवायला वाढायचं नाही, ही कुठली रीत? नशीब माझ्याकडे चीज होतं."

आर्मेलने त्याला बाजूला ओढलं. "मामा, दगड तू घासलास?"

त्याने नजर चुकवली. "वसंतात. लेओन्स रंगवून गेल्यावर."

"का? माझं वाटोळं करायला?"

"तुझं?" तो गडबडला. "तुझ्या पंगतीचं माझ्या डोक्यातही नव्हतं, पोरी." मग काठीने माती उकरत, खालच्या आवाजात म्हणाला, "ओरडलो होतो मी त्या लोकांवर. चूक माझीच. पण एकदा ओरडलो ना? रोज गाई नेताना ती फुली, आणताना ती फुली. माझ्या घराच्या वाटेवर. जसं काही इथं राहणारा माणूस मेला, आता इकडे बघू नका."

आर्मेलच्या ओठांवर आलेल्या सगळ्या शिव्या विरून गेल्या. तिने ती फुली कित्येकदा पाहिली होती. तिच्या लेखी ती एक खूण होती. आपण इतक्या जवळ राहून या माणसाला एकटं टाकलं, हे तिला आता इतकं लख्ख कळलं की तिचे डोळे भरून आले.

"ट्रॅक्टर चालू आहे तुझा?" तिने विचारलं.

"का?"

"जेवण खाली आहे. माणसं वर आहेत. आणि कढया लेओन्सकाकाकडे आहेत."

मामाने गिरणीच्या दिशेला पाहिलं, मग भिंतीवरच्या भुकेल्या रांगेकडे पाहिलं. चपलावाल्या नवऱ्याच्या पोटातून नेमका तेव्हाच गुरगुराट ऐकू आला.

"पाहुण्यांसाठी," मामा म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे गेला.

परत आला तेव्हा मागच्या ट्रॉलीत लेओन्स दोन्ही पाय फाकवून, कढयांना मिठी मारून बसला होता. टोपी कुठेतरी उडून गेली होती.

"जरा सावकाश हाकता येत नाही?" तो उतरता उतरता ओरडला. "तू उधळतोस तसंच तुझं यंत्रही उधळतं."

मामाने कढईत बोट घालून चाखलं. "करपलंय."

"तुझ्याकडे लोक अडकले म्हणून करपलं!"

"मीठही कमी आहे."

"मग घाल ना! मीठ काय तुझ्या घरात नाही?"

मामा घरात गेला आणि मीठ घेऊन आला. एवढ्या वर्षांनी दोघं बोलले ते हे, आणि दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. खालचा करपलेला थर तर लोकांनी खरवडून खरवडून मागून घेतला.

संध्याकाळी पंगत गात गात गावात उतरली. कॅफेच्या दारात बेसिएरबाई तोंड पाडून वाट पाहत होत्या. त्यांना वाटलं होतं, सगळा बट्ट्याबोळ झाला. पण प्लमचा टार्ट खाताना जो तो एकच विचारत होता: तो धबधबा पुन्हा बघायला कधी येता येईल? नदीत होडी मिळते का? त्या म्हाताऱ्याकडे चीज विकत मिळतं का? बाईंनी दोन टार्ट खाल्ले, तिसऱ्याकडे हात नेत म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरला दुसरं गाव शोधायला सांगते."

आर्मेल स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडली. मग तोंड धुऊन बाहेर येऊन कॉफी वाढू लागली.

दोन दिवसांनी लेओन्स पिवळा डबा घेऊन अक्रोडापाशी आला. आर्मेल बरोबर होती. मामा तिथे आधीच उभा होता. इकडे कसा आलास असं कोणी विचारलं नाही. सहज आल्यासारखं दाखवायला त्याने एक गाय बरोबर आणली होती.

लेओन्सने घासलेल्या दगडापुढे गुडघे टेकले आणि एक लांब, सरळ, पिवळी रेघ ओढली. मग मागे सरकून तिच्याकडे पाहिलं, आणि हलक्या हाताने आणखी एकदा रंग फिरवला.

मामा रेघेकडे बघत राहिला. आर्मेलला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल.

"आधी सांगायचं ना," तो लेओन्सवर खेकसला. "फाटकाला तेल घालायचंय. अंगण झाडायचंय. आता ऐनवेळी कोणी आलं म्हणजे?"

आणि गाईला तिथेच सोडून तो घाईघाईने वर निघाला.