सोफ्यातली बया

दातांच्या डॉक्टरांचा सोफा दुरुस्तीला आला, तेव्हा तो रिकामा होता याबद्दल सोफेवाल्याची खात्री होती. चार दिवसांनी त्याने तो उलटा करायला हात लावला, तर आतून कुणीतरी कुकरच्या शिट्टीसारखं फिस्स केलं. खालचं कापड एका कोपऱ्यात फाटलं होतं. त्या भोकातून दोन पिवळे डोळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांत त्याच्याविषयी काडीचाही आदर नव्हता.

"मांजरच आहे, वाघ नाही," तो सासूबाईंना म्हणाला. "मानगूट धरली की गप्प होतात."

सासूबाई दुकानात उश्यांच्या खोळी शिवायच्या. जावयाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा नेम त्यांनी लेकीच्या लग्नापासून पाळला होता. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा वर सरकवला.

"घाला हात, जावईबापू."

त्याने घातला. बाहेर आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत तो उसवलेला होता आणि अंगठ्याखाली दातांची दोन भोकं पडली होती. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. साबण लावून पाव तास नळाखाली हात धरल्यावर तो दवाखान्यात गेला.

"पाळलेली आहे?" नर्सने विचारलं.

"नाही."

"मग हात कशाला घातलात?"

सासूबाई बघत होत्या, हे केसपेपरवर कुठे लिहिणार? त्याने इंजेक्शन घेतलं. पुढच्या तारखाही घेतल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी उरलासुरला तोरा उतरवला. "एवढी मोठी झालेली रानटी मांजर मांडीवर येईल, ही आशा सोडा. पकडून ऑपरेशन करू, लस देऊ, मग तिची ती राहील. हा पिंजरा न्या. दार वर बांधून ठेवा. रोज ठरल्या वेळी खायला द्या, वाटी रोज वीतभर आत सरकवा. तिच्याकडे पाठ करून बसा, डोळ्यांत बघू नका. आणि हात खिशात!"

मग रोज दुपारी चार वाजता सोफेवाला वाटीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मांजरीला आवाजाची सवय व्हावी म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहिराती मोठ्याने वाचायचा. गिऱ्हाइकं यायची, बघायची आणि सासूबाईंना हळूच विचारायची, "बरे आहेत ना?"

"पहिल्यापासून असेच," सासूबाई सांगायच्या.

दातांचे डॉक्टर एक दिवसाआड फोन करत. "अहो, माझे पेशंट उभ्याउभ्या घाबरतात. बसून घाबरले तर जरा बरं दिसतं."

"आतलं काम नाजूक आहे, डॉक्टर," तो म्हणायचा. हे अगदीच खोटं नव्हतं.

तीन आठवड्यांनी वाटी पिंजऱ्याच्या पार टोकाला पोचली. एक दिवस उपाशी ठेवलेली मांजर पोटावर सरपटत आत शिरली. सोफेवाल्याने दोरी सोडली. दार पडलं आणि आत नुसता गदारोळ उडाला. ती डोकं आपटत होती, नाक सोलून निघालं होतं.

"अगं, अगं, काही नाही होत," म्हणत तो गजांत बोटं घालणार, तोच सासूबाईंनी त्याच्या हातावर फटका मारला आणि समोर पडलेलं मखमलीचं कापड पिंजऱ्यावर टाकलं. आवाज एकदम बंद.

"अंधार केला की जीव निवतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यांवर मी घोंगडी टाकायची."

ती मरून मखमल डॉक्टरांच्या सोफ्यासाठी कापलेली होती. जनावरांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मांजरीने तिच्यावर आपला अभिप्राय देऊन ठेवला. डॉक्टरांना शेवटी मरूनऐवजी निळा सोफा मिळाला. रंग शांत वाटतो, असं त्यांचे पेशंट म्हणाले म्हणे.

ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी दुकानात पिंजरा उघडला, तर मांजर मागे वळूनही न बघता दारातून पसार झाली. सोफेवाला तोंड पाडून बसला.

"काय हवं होतं तुम्हाला? आभाराचं पत्र?" सासूबाई म्हणाल्या. पण चार वाजता वाटी त्यांनीच भरली. तशी आठ दिवस भरली. नवव्या दिवशी बया आली, खाल्लं, आणि फळीवरच्या फोमच्या ढिगावर चढून झोपली.

आता ती तिथेच असते. हात लावायला गेलं की फिस्स करते, म्हणून कुणी जात नाही. फक्त एकदा, तो फोनवर एका गिऱ्हाइकाला गाद्यांची मापं सांगत असताना, ती खाली उतरली आणि जाता जाता त्याच्या नडगीला अंग घासून गेली. चुकूनही असेल. सोफेवाला जागच्या जागी थिजला. सहा फूट बाय... एवढंच म्हणून तो थांबला, आणि पलीकडचा माणूस बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिला.