ज्याची रास गरम, त्याची पाळी आधी

तेर्यानं अंगणाच्या कडेला विटांचा चौकोनी हौद बांधायला घेतला, तेव्हा त्यात ती डुकरं पाळणार की मासे, यावर गावात पैजा लागल्या. पैजा लावणाऱ्यांत तिचा धाकटा दीर गौदेन्सियो सगळ्यांत पुढे. पण हौदात ना डुकरं आली ना मासे. तळाशी भोकाभोकांचा पत्रा बसला, वर छप्पर चढलं, बाजूला तूस जाळायची भट्टी झाली आणि पॉवर टिलरच्या इंजिनावर फिरणारा पंखा लागला. ओलं भात पत्र्यावर पसरायचं आणि खालून गरम हवा सोडायची.

“मनांग,” थोरल्या बाईला फिलिपिन्समधलं सगळं इलोइलो हाक मारतं तशी हाक मारून गौदेन्सियो म्हणाला, “देवानं वर फुकटचा सूर्य टांगलाय, खाली डांबरी रस्ता आहे. आणि तू भात शेकत बसणार?”

“सूर्य काय तुला विचारून उगवतो? आणि रस्त्यावरचं भात ट्रकची चाकं खातात, उरलेलं कोंबड्या. आपल्या वाट्याला काय, खडे!”

त्या वर्षी कापणी झाली, मळणी झाली आणि वादळ आलं. वारा लवकर सरला, पाऊस मात्र मुक्कामालाच राहिला. गौदेन्सियोनं आपली रास ताडपत्रीखाली गच्च झाकली, कडेनं दगड ठेवले आणि तो निर्धास्त झाला. एका सकाळी त्याच्या बायकोनं, नेल्दानं, ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली. आंबूस वास. कडेच्या दाण्यांना पांढरे मोड.

गौदेन्सियोच्या घरातलं वर्षाचं खाणं त्या राशीत होतं.

तो तेर्याच्या अंगणात पोहोचला तर अर्धं गाव तिथे. हौद एकच, आणि जो तो म्हणतोय, माझं आधी. गौदेन्सियो मागेच उभा राहिला. कुठल्या तोंडानं मागणार?

“भांडू नका,” तेर्या म्हणाली. “आधी राशी बघू द्या.”

भर पावसात ती घरोघर फिरली. राशीत कोपरापर्यंत हात खुपसायची, जरा थांबायची, मूठभर दाणे काढून हुंगायची. गौदेन्सियोच्या राशीतून मात्र तिनं हात झटकन मागे घेतला.

“हे भलतंच तापलंय. हे आधी.”

“आणि तुझं, मनांग?”

“माझं कोमट आहे. थांबेल.”

“पण मी तर तुझ्या हौदाला...”

“डुकरांचा हौद म्हणालास. माहीत आहे मला. आता पोती उचल, नाहीतर खरंच डुकरं आणून सोडीन.”

बाकीच्यांसाठी तिनं चर्च उघडायला लावलं. बाकं भिंतीला सरकवून सगळ्यांचं भात फरशीवर पातळ पसरलं, म्हणजे ढिगात ऊब धरायला नको. बायकापुरुष अनवाणी पायांनी ते वरखाली करत फिरू लागले. एक म्हातारी वेदीकडे बघून म्हणाली, “बाळयेशू, खाली उतरलास तर पाय पुसून ये हो!”

भट्टीत तूस घालायचं काम गौदेन्सियोनं अंगावर घेतलं. उत्साहाच्या भरात त्यानं जाळ वाढवला, तशी तेर्या ओरडली, “अरे, वाळवायचंय, भाजायचं नाही! घाई केलीस तर गिरणीत सगळी कणी होईल.” ती दंताळ्यानं भात हलवत राहिली. मधूनच एखादा दाणा दाताखाली धरायची. कट्कन तुटला की मान हलवायची. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते, पण एकाही राशीला तिनं घाईनं बाहेर काढलं नाही. ही बाई इतके दिवस आपल्या शेजारी राहते आणि आपण तिला पाहिलंच नाही, असं गौदेन्सियोला वाटून गेलं.

तिची स्वतःची रास हौदात पडली ती सगळ्यांच्या शेवटी. तोवर तिचं बरंच भात पिवळं पडलं होतं. ते पाहून गौदेन्सियो आपलं एक चांगलं पोतं खांद्यावर घेऊन तिच्या दारात आला.

“हे बदल्यात घे, मनांग.”

“घेऊन जा ते. पिवळ्याची पेज बरी लागते, आलं जरा जास्त घालायचं. बस, तूही खाऊन जा.”

त्यानं पोतं उतरवलं आणि तो जेवायला बसला. दोन वाट्या पेज संपवल्यावर म्हणाला, “मनांग, शेजारीच दुसरा हौद बांधू या. विटा मी वाहतो.”

“आधी वाटी धू,” तेर्या म्हणाली, “मग जागा दाखवते.”