‘पोहोचला’ दाबेपर्यंत

दवाखान्यात निरोप धाडायच्या चार तऱ्हा होत्या आणि चारही एकमेकींशी फटकून वागत: मोबाइल, टेबलावरचा फोन, वॉकीटॉकी आणि भिंतीवरचे कर्णे. दवाखान्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या थोरल्याने वर्षभर डोकं लढवून त्या संगणकाच्या एका पडद्यावर आणल्या. नियम त्याचाच. निरोप आधी मोबाइलवर जाईल. दोन मिनिटांत समोरच्याने ‘पोहोचला’ दाबलं नाही तर फोनवर, मग वॉकीटॉकीवर, शेवटी कर्ण्यांवर, तेही ‘पोहोचला’ दाबेपर्यंत दर दोन मिनिटांनी. रद्द करायचं बटण त्याने हट्टाने काढून टाकलं होतं. डॉक्टर मंडळी निरोप धाडून मन बदलत आणि खालची माणसं अर्ध्या जिन्यात लटकत, म्हणून.

चाचणीचा दिवस उजाडला. चारही साधनं जवळ असलेला माणूस अख्ख्या दवाखान्यात एकच निघाला, तळघरातला बॉयलरवाला. तो थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत दोन वर्षं अबोला. धाकटा आईला आपल्या घरी न्यायला आला होता, तेव्हा थोरला सगळ्यांदेखत म्हणाला होता, “तुला स्वतःचं निस्तरेना, तिला काय सांभाळणार?” तेव्हापासून धाकट्याने थोरल्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि उद्या नऊला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. म्हातारी हटून बसली होती, धाकटा आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाही.

थोरल्याचा पाय काही तळघराकडे वळत नव्हता. पण चाचणीत मजकूर काहीही चालतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि लिहिलं: “माझं चुकलं. उद्या नऊला आईचं ऑपरेशन आहे. तू आल्याशिवाय ती ऐकत नाही. ये. दादा.”

मोबाइलवर उत्तर नाही. फोन वाजून वाजून थकला. वॉकीटॉकी नुसतीच खरखरली. तेव्हा कुठे थोरल्याच्या ध्यानात आलं की पुढची पायरी कोणती, आणि त्याने पडद्यावर रद्दचं बटण शोधलं, जे त्यानेच काढून टाकलं होतं.

“बॉयलर विभाग,” कर्ण्यातली यंत्राची बाई सगळ्या वॉर्डांना म्हणाली, “माझं चुकलं.”

व्यवस्थापिका दारातून डोकावल्या. “आवाज छान स्पष्ट येतोय,” म्हणाल्या आणि कागदावर खूण करून गेल्या.

दर दोन मिनिटांनी बाई माफी मागत राहिली. चौथ्या खेपेला धाकटा दारात उभा राहिला, हाताला काजळी, कपाळाला आठ्या.

“बंद कर ते. बाळंतिणींचा अख्खा वॉर्ड मला हात जोडतोय, जा म्हणून.”

“मला नाही करता येत. तू ‘पोहोचला’ दाबलंस तरच थांबेल.”

धाकट्याने मोबाइल काढला, अंगठा बटणाच्या वर नुसता धरला आणि स्टूल ओढून बसला.

“उद्या आठलाच येतो. आईला मी नेतो.”

“मग दाब की!”

“दाबेन. पण हे ती बाई म्हणतेय. तू कुठे म्हणालास?”

थोरल्याने घसा खाकरला. पडद्याकडे पाहिलं, पडद्यावर काही मदत नव्हती. मग त्याने भावाकडे पाहिलं.

“माझं चुकलं रे.”

धाकट्याने ‘पोहोचला’ दाबलं.