तक्ता क्रमांक तीन

"हा पाच कुठून आला?" बाईंनी विचारलं.

भाचीने फोनमधून डोकं वर न काढताच म्हटलं, "कुठला पाच?"

"हा. अडीच किलोच्या बाळाला पाच मिली. कुठून घेतलास?"

"तुमच्याच त्रैमासिकातून, मावशी. खाली संदर्भ दिलाय बघ. त्या जुन्या डॉक्टरांचा लेख, तक्ता क्रमांक तीन."

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. भाचीचा पहिला शोधनिबंध महिन्यापूर्वी एका ऑनलाइन नियतकालिकात आला होता. मावशीला पडद्यावर वाचायला आवडत नाही म्हणून ती आज तो मुद्दाम कागदावर छापून घेऊन आली होती. तान्ह्या बाळांना झटके आले की द्यायच्या एका औषधाबद्दल होता तो. पूर्वी हे औषध किती बेफिकिरीने, आजच्या दहापट दिलं जाई, असं दाखवून भाचीने नव्या पद्धतीची बाजू मांडली होती. अख्खा निबंध त्या पाचावर उभा होता.

"पाच नाहीये तो," बाई म्हणाल्या. "पॉइंट पाच आहे. अर्धा मिली."

"त्रैमासिकाच्या पोर्टलवर पाच आहे."

"असेल. पण छापायला गेला तेव्हा तो मीच तपासला होता."

"एकोणतीस वर्षांपूर्वी तपासलेला एक आकडा तुला आठवतोय?"

आठवत होता. बाई संशोधन संस्थेच्या त्रैमासिकात मुद्रितशोधक म्हणून लागून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ऱ्हस्व-दीर्घावरून त्या भल्याभल्या प्राध्यापकांना माघारी धाडत, म्हणून कार्यालयात त्यांना सगळे 'काना-मात्रा' म्हणत. त्या लेखाचे डॉक्टर स्वतः चालत आले होते. समोरच्या स्टुलावर बसून त्यांनी तो तक्ता बाईंकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतला. तिसऱ्यांदा बाई वैतागल्या, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "तुमची मात्रा चुकली तर शब्द बिघडतो, बाई. माझी चुकली तर मूल हातचं जातं."

"तक्त्याच्या वर मजकुरात अक्षरी लिहिलंय, अर्धा मिली," बाई म्हणाल्या. "वाचलं नाहीस?"

"तक्ता शोधला की थेट तक्ताच उघडतो. बाकीचा लेख कोण वाचत बसतं?"

"तू वाचायला हवं होतंस."

"हे बघ, पोर्टल नसतं तर मला हा लेख मिळालाच नसता. जुने अंक ठेवलेल्या तुमच्या त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते तरी कुणाला माहितीये का? आणि आता माझा निबंध छापून झालाय. पुढच्या महिन्यात पीएचडीची मुलाखत आहे. तू आज नसतं वाचलंस तर काय झालं असतं?"

"एक भला माणूस कायमचा बेफिकीर ठरला असता."

"तो माणूस मरून अकरा वर्षं झाली, मावशी."

ती कागद तिथेच टाकून निघून गेली. चहा केलेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कार्यालयात जाऊन पहिलं काम केलं ते तळघरातल्या कपाटातून तो खंड वर आणण्याचं. पान दोनशे सोळा. अडीच किलोसमोर स्वच्छ ०.५. तीन किलोसमोर ०.६. पोर्टलवर तिथेच ५ आणि ६. दोन वर्षांपूर्वी संस्थेने जुने सगळे खंड एका कंपनीकडे दिले होते. कंपनीने पानांचे फोटो काढले आणि यंत्राकडून ती वाचून घेतली. यंत्राने बिंदूला कागदावरचा डाग समजून पुसलं, आणि मग पाचाआधीचं शून्य बिनकामाचं म्हणून तेही उडवलं. माणसाने एकदा डोळ्याखालून घातलं असतं तर कळलं असतं. पण माणसाने बघायचं नाही, हेच तर त्या कामाचं कौतुक होतं.

बाईंनी पोर्टलवरचा चूक कळवण्याचा अर्ज उघडला. पहिलाच रकाना होता लेखकाचा ईमेल. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. लेखक हयात नसल्यास काय करावं, याला रकाना नव्हता. बाईंनी स्वतःचा ईमेल घातला. उत्तर आलं की लेखकाची ओळख पटली नाही. त्यांनी संस्थेचा घातला. दोन दिवसांनी निरोप आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. त्यांनी पान उघडून बघितलं. पाच होता तिथेच होता.

मग त्यांनी कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगा बोलायला आला. आवाज फार अदबशीर होता.

"मॅडम, तुमची तक्रार बंद झालेली दिसतेय."

"बंद कशी झाली?"

"सोडवली गेली म्हणून."

"कुणी सोडवली?"

"सिस्टीमने, मॅडम."

"पण आकडा तसाच आहे. मी आत्ता समोर बघतेय. तुम्हीही बघा ना. पान दोनशे सोळा."

"आम्हाला लेख दिसत नाहीत, मॅडम. फक्त तक्रारी दिसतात."

"मग ज्याला लेख दिसतो अशा माणसाला फोन द्या."

तो मुलगा थोडा वेळ थांबला. टाळाटाळ करण्यासाठी नव्हे, खरंच विचार करत असावा. मग म्हणाला, "तसं कुणी नाहीये, मॅडम."

बाईंनी फोन ठेवला. मग खंड काखेत मारून संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक विद्यापीठात शिकवून उरलेल्या वेळात हे काम बघत. माणूस वाईट नव्हता, पण सतत कुठेतरी निघालेला असे.

"शुद्धिपत्र देऊ या पुढच्या अंकात," ते तक्ता बघून म्हणाले.

"सर, चूक एका पानावर आणि शुद्धिपत्र दुसऱ्याच गावाला. तक्ता शोधणाऱ्याला तक्ताच दिसतो, शुद्धिपत्र कुणाला दिसणार? आकडाच दुरुस्त करायला हवा."

"आपल्याला तो बदलता येत नाही, बाई. करारच तसा आहे. नाव आपलं, मजकूर त्यांच्या ताब्यात."

"मग नाव तरी कशाला ठेवलं?"

संपादकांनी घड्याळ बघितलं. "तुम्ही इतकं लावून घेऊ नका. सहा महिने राहिलेत तुमचे. नव्या अंकांची तपासणीही आता सॉफ्टवेअरच करतंय. जरा स्वस्थ बसा की."

स्वस्थ बसणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी एका बाजूला खंड आणि दुसऱ्या बाजूला पडदा ठेवून वैद्यकाचा प्रत्येक तक्ता ओळीओळीने ताडून बघायला सुरुवात केली. पूर्वी हे काम दोघांचं असे. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नजरेने पाठोपाठ जायचं. आता दोन्ही त्यांनाच करावं लागत होतं. तीन आठवड्यांत त्रेचाळीस ठिकाणं सापडली. त्यांनी यादी केली, पान, ओळ, छापील आकडा, पोर्टलवरचा आकडा, आणि कंपनीला पाठवली. उत्तर आलं की एका अर्जात एकच चूक कळवावी. बाईंनी त्रेचाळीस अर्ज भरले. पाचव्या अर्जानंतर, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणून पोर्टलने त्यांच्यापुढे चित्रांचा एक चौकोन ठेवला आणि त्यातले दिवे ओळखायला सांगितले. बाईंनी दिवे ओळखले. पुढच्या प्रत्येक अर्जाला ओळखले. पाठ ताठून गेली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "काना-मात्रा, सोडा आता." बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

एवढ्या दिवसांत भाचीचा फोन नव्हता. बाईंनीही केला नाही. तिच्या मुलाखतीची तारीख जवळ येत होती, आणि मुलाखत तिला गुपचूप देऊ द्यावी असंही एकदोनदा बाईंच्या मनात येऊन गेलं. त्याची त्यांना लाज वाटली.

मग एका रविवारी सकाळी भाची आली. चपला काढता काढताच म्हणाली, "निबंध मागे घेतला मी."

"आणि मुलाखत?"

"पुढे ढकलली. वर्षभर तरी. मार्गदर्शक म्हणाले, मुलाखत होईपर्यंत गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं." ती खुर्चीत बसली. "मी तो लेख अख्खा वाचला, मावशी. पहिल्यांदाच. फार जपून लिहिलंय गं त्यांनी. आणि मी काय लिहून बसले त्यांच्याबद्दल."

बाईंनी उठून तिच्यासाठी चहा ठेवला.

"तुमच्या कंपनीलाही लिहिलंय," भाची म्हणाली. "तुमच्या पानामुळे मला निबंध मागे घ्यावा लागला, असं. आता तरी सुधारतील."

बुधवारी संपादकांनी बाईंना खोलीत बोलावलं. बऱ्याच दिवसांनी ते हसत होते. "जिंकलात तुम्ही. कंपनीने दखल घेतली. चुकीचा तक्ता काढून टाकला."

"दुरुस्त केला?"

"काढला."

बाईंनी पडदा आपल्याकडे वळवून बघितलं. तक्ताच नव्हे, पूर्ण लेखच गेला होता. त्या जागी डॉक्टरांचं नाव होतं आणि त्याखाली लिहिलं होतं की आक्षेपार्ह मजकूर आढळल्याने हा लेख मागे घेण्यात आला आहे.

"आक्षेपार्ह," बाई म्हणाल्या.

"तो ठरावीक मजकूर असतो हो. सगळ्यांना तोच टाकतात."

"पूर्वी चूक एका आकड्याची होती, सर. आता पूर्ण माणसाचीच झाली."

बाई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. खंड समोर उघडाच होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कामाची वेळ संपायच्या आधीच उठून घरी जावंसं वाटलं. त्यांनी पिशवी आवरायला घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एका स्त्रीचा आवाज होता, घाईचा.

"त्रैमासिकाचं कार्यालय ना? मी नर्स बोलतेय, लांबून, छोट्या दवाखान्यातून. झटक्यांवरचा तो लेख होता तुमचा, तो आज उघडत नाहीये. आमच्याकडे ते औषध अजून जुन्याच बाटलीत येतं, नव्या पुस्तकांत त्याचं माप नसतं. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की तक्त्यातला आकडा आणि वरचा मजकूर जुळत नव्हता, छापील बघून सांगा."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. "बाळ केवढं आहे?"

"तीन किलो. समोरच आहे."

"शून्य पॉइंट सहा."

"पॉइंट सहा."

"शून्यासकट म्हणा."

"शून्य पॉइंट सहा. थांबा हं."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. बाईंना पावलं ऐकू आली, लोखंडी ताटलीचा आवाज, कुणीतरी हळू आवाजात काही विचारलं, कुणीतरी उत्तर दिलं. मग बराच वेळ काहीच नाही. बाईंचं बोट तीन किलोच्या ओळीखाली तसंच राहिलं होतं. शेजारचा कारकून उठून खिडक्या लावू लागला.

"शांत झालं," नर्स परत येऊन म्हणाली. तिला दम लागला होता. "ताई, वेळ असेल तर सगळाच तक्ता सांगता का? भिंतीवर लावून ठेवते."

"लिहून घ्या. प्रत्येक ओळ मला उलट वाचून दाखवायची. तशी नाही वाचलीत तर मी पुढची सांगणार नाही."

"बरं."

संपादक दिवे मालवायला सांगण्यासाठी दारात आले. बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला, आणि ते थांबले.

"दोन किलो," बाई म्हणाल्या. "शून्य पॉइंट चार."

"दोन किलो, शून्य पॉइंट चार."

"अडीच किलो. शून्य पॉइंट पाच."